कोरीगॉमची पट्टी आणि कॅप्टन स्टाँटन

लंडनमध्ये जुन्या लष्करी पदकांचे लिलाव वर्षभर चालू असतात आणि त्यांच्या याद्या आता घरबसल्या वाचता येतात. कधी त्या चाळल्यात, तर 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' या नावापाशी जरा थांबा. पदकाच्या नावापुढे लढायांची नावं दिलेली असतात: आर्गॉम, गाविलघर, किर्की, सीताबल्डी, महीदपूर, कोरीगॉम. पहिल्या वाचनात ही कुठली तरी परकी ठिकाणं वाटतात. मोठ्यानं वाचलीत की डोक्यात उजेड पडतो. अडगाव, गाविलगड, खडकी, सीताबर्डी, महिदपूर, कोरेगाव! आपलीच गावं, गोऱ्या कारकुनाच्या कानांनी ऐकलेली आणि चांदीवर कायमची तशीच राहिलेली.

हे पदक आपल्यासाठी का महत्त्वाचं आहे, ते साध्या मोजणीतून कळेल. पदक एकच, पण कोण कुठल्या लढाईत होता हे दाखवायला त्याच्या फितीवर चांदीच्या आडव्या पट्ट्या चढवल्या जात. अशा एकूण २१ पट्ट्या मंजूर झाल्या. त्यांतली एक नेपाळची, एक ब्रह्मदेशाची आणि एक १८२६ च्या भरतपूरच्या वेढ्याची. उरलेल्या १८ च्या १८ पट्ट्या मराठ्यांविरुद्धच्या दोन युद्धांतल्या आहेत: शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले आणि पेशवे. त्यांतल्या १० पट्ट्यांवरची ठिकाणं आजच्या महाराष्ट्रात येतात. खडकीला एक पट्टी, पुण्याला एक आणि दोन्हीकडे हजर असलेल्याला एक जोडपट्टी. सीताबर्डी आणि नागपूरचंही तसंच. पदकाचं नाव 'हिंदुस्थानची फौज', पण पट्ट्या वाचत गेलात तर हे जवळजवळ सगळं मराठी सत्तेच्या शेवटाचं पदक आहे.

दिसायला ते साधंच आहे. एका बाजूला तरुण व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा. दुसऱ्या बाजूला बसलेली पंखवाली विजयदेवता, तिच्या एका हातात लॉरेलची डहाळी, दुसऱ्या हातात हार, बाजूला कमळ आणि मागे ताडाचं झाड. खाली आकडे १७९९-१८२६. यात एक गंमत आहे. आकडा १७९९ चा असला तरी पहिली पट्टी १८०३ च्या अलीगढची आहे. १७९९ ते १८०३ या काळातल्या एकाही लढाईला पट्टी मिळालेली नाही. फीत फिकट निळी. ज्याला मिळालं त्याचं नाव कडेवर कोरलेलं.

आता खरी मेख पाहा. या पदकाला मंजुरी मिळाली ती मार्च १८५१ मध्ये. म्हणजे असईच्या लढाईनंतर ४८ वर्षांनी आणि कोरेगावनंतर ३३ वर्षांनी. पदक फक्त हयात असलेल्यांसाठी होतं. १८०३ साली विशीत असलेला शिपाई १८५१ साली सत्तरीला टेकलेला असणार. त्या काळात किती जण तितके जगत? दोन मराठा युद्धं, नेपाळ, ब्रह्मदेश आणि भरतपूर मिळून हजारो माणसं लढली, पण पदकं निघाली सगळी मिळून सुमारे साडेचार हजार. त्यांतही सर्वांत जास्त पट्ट्या ब्रह्मदेशाच्या, कारण ते युद्ध त्यातल्या त्यात अलीकडचं होतं. कोरेगावची पट्टी सर्वांत दुर्मिळ पट्ट्यांमध्ये मोडते आणि म्हणूनच आज तिला मोठी किंमत येते.

इतका उशीर का झाला? इंग्लंडमध्ये सरसकट सर्व सैनिकांना पदक देण्याची रीतच उशिरा आली. वॉटर्लूच्या लढाईनंतर ती सुरू झाली आणि त्याआधीच्या नेपोलियनविरोधी लढायांसाठीचं पदक १८४७ साली मंजूर झालं. ते पाहून हिंदुस्थानात लढलेले म्हातारे अधिकारीही विचारू लागले, आमचं काय? शेवटी खर्च कंपनीनं उचलला. खरं तर पदकं वाटण्यात कंपनी इंग्लंडच्या सरकारच्या पुढेच होती. पहिल्या मराठा युद्धात बंगालमधून चालत गुजरात-कोकणपर्यंत आलेल्या देशी सैनिकांना तिनं १७८४ नंतर सोन्याचांदीची पदकं दिली होती, तीही फारसी मजकुराची. श्रीरंगपट्टणच्या पदकात मात्र हुद्द्याप्रमाणे धातू बदलत गेला, वरच्यांना सोनं आणि खालच्यांना कथील. १८५१ च्या पदकात हा भेद नाही. जनरल असो की शिपाई, चांदी तीच. ज्या फौजेत पगारापासून तंबूपर्यंत सगळ्यात गोरा-काळा भेद होता, तिथे ही बारीकशी गोष्टही नोंदवण्याजोगी आहे.

आणखी एक तारीख शेजारी ठेवून पाहा. २८ जानेवारी १८५१ ला कानपूरजवळच्या बिठूरमध्ये दुसरा बाजीराव वारला. वर्षाला आठ लाखांचं पेन्शन खात तो ३२ वर्षं तिथे राहिला होता. त्याला हरवणाऱ्यांचं पदक मंजूर झालं तेव्हा त्याला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. आणि ज्या अधिकाऱ्याच्या तुकडीला तो दिवसभर झगडूनही हटवू शकला नव्हता, तो तर कधीच गेला होता. त्या अधिकाऱ्याबद्दल लिहायचंय. पण आधी जो जगला त्याच्याबद्दल थोडं.

२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यातलं असई. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांची फौज उतरली होती. शिंद्यांची कवायती पायदळाची पलटणं पोलमन नावाच्या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली होती आणि तोफा शंभराच्या आसपास. समोर आला ३४ वर्षांचा आर्थर वेलस्ली. कर्नल स्टीव्हन्सनची फौज येऊन मिळेपर्यंत थांबायचं असं ठरलं होतं, पण तो थांबला नाही. वाटाड्यांनी सांगितलं की नदीला दुसरा उतार नाही. वेलस्लीनं पाहिलं की दोन काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत. त्यानं ताडलं, माणसं समोरासमोर गावं वसवून राहतात आणि एकमेकांकडे जात नाहीत असं कसं होईल? उतार असणारच. आणि होता. आपल्याकडच्या कुणाही खेडुतानं हे क्षणात सांगितलं असतं. पण त्या दिवशी ते ओळखलं एका आयरिश जहागीरदाराच्या मुलानं.

पुढचं रक्तरंजित होतं. पोलमनच्या पलटणी बघता बघता तोंड फिरवून नव्या रांगेत उभ्या राहिल्या. अशी कसरत इथल्या फौजा करतील असं इंग्रजांना वाटलं नव्हतं. मराठ्यांचे गोलंदाज तोफांपाशी मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे सरकताच उठून त्याच तोफा तिच्या पाठीवर फिरवल्या. स्कॉटलंडची ७४ वी हायलँडर पलटण जवळजवळ कापली गेली. वेलस्लीचा एक घोडा गोळीनं मेला, दुसऱ्याला भाला लागला. कंपनीचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून जवळपास सोळाशे. लढलेल्यांचा विचार करता हा फार मोठा आकडा. तोफा मात्र बहुतेक सगळ्या हाती लागल्या. पुढे वॉटर्लू जिंकल्यावरही, सर्वांत चांगली लढाई कुठली असं विचारल्यावर हा माणूस एकच शब्द बोलत असे, असं सांगतात: असई.

त्यानंतर २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातलं अडगाव आणि १५ डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड. चिखलदऱ्याला गेला असाल तर गाविलगड पाहिलाच असेल. डोंगरावर तोफा चढवायला इंग्रजांना रस्ता करावा लागला आणि शेवटी शिड्या लावून आतला दरवाजा उघडला गेला. असई, अडगाव आणि गाविलगड अशा तीन पट्ट्यांचा हक्कदार असलेला हा माणूस १८५१ साली ८२ वर्षांचा होता, ड्यूक ऑफ वेलिंग्टन होता, ब्रिटिश फौजेचा सरसेनापती होता. गंमत म्हणजे जुन्या लढायांसाठी सरसकट पदकं द्यायला त्यानंच बरीच वर्षं विरोध केला होता. सप्टेंबर १८५२ मध्ये तो गेला. लंडनमध्ये हाइड पार्कच्या कोपऱ्यावर त्याचं अ‍ॅप्सली हाउस आहे आणि तुमच्यातले अनेक जण त्याच्या दारावरून बसनं गेलेले असतील.

आता दुसरा माणूस. फ्रान्सिस स्टाँटन, कॅप्टन, मुंबई इलाख्याची फौज. त्याचं कुठे घर नाही, पुतळा नाही आणि इंग्लंडमध्ये त्याचं नाव आज कुणाला ठाऊक नाही. पुण्यात मात्र दर १ जानेवारीला त्याच्या लढाईची आठवण निघते, बहुतेक वेळा त्याचं नाव न घेता.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला आणि मग येरवड्याला हरल्यावर बाजीराव पुण्यातून निघाला आणि दक्षिण, उत्तर, जुन्नर असा फिरत राहिला. वर्षाच्या शेवटी तो पुन्हा पुण्याच्या रोखानं येतोय अशी बातमी लागली. पुण्यात कर्नल बरकडे फौज थोडी. त्यानं शिरूरहून कुमक मागवली. घोडनदीकाठच्या त्या छावणीतून स्टाँटन ३१ डिसेंबरच्या रात्री निघाला. बरोबर मुंबईच्या पहिल्या देशी पायदळ रेजिमेंटची दुसरी बटालियन म्हणजे पाचशेच्या आसपास शिपाई, सुमारे तीनशे देशी घोडेस्वार, मद्रास तोफखान्याचे चोवीस गोरे गोलंदाज आणि दोन तोफा. एकूण ८३४ माणसं. रात्रभर चालून पाऊणशे नाही, पण चाळीसेक किलोमीटर तुडवून ती सकाळी भीमेच्या जवळ आली तेव्हा पलीकडे पेशव्यांची फौज पसरलेली दिसली. आकडा पंचवीस हजारांच्या वरच सांगतात, त्यात घोडदळ जास्त. मागे फिरायचं तर उघड्या माळावर घोडदळ गाठणार. स्टाँटननं जवळचं कोरेगाव गाठलं आणि घरांच्या भिंतींचा आडोसा घेतला.

यानंतर जे झालं, त्याकडे 'पंचवीस हजार विरुद्ध आठशे' असं बघू नका. ते आकडे दोन्ही बाजूंच्या भाषणांत छान दिसतात. प्रत्यक्षात घोडदळाला गावाच्या गल्लीबोळांत काहीच करता येत नव्हतं. आत शिरले ते पेशव्यांचे पायदळ, निवडक तुकड्या, त्यांत अरब आणि गोसावी. अरबांनी गावातल्या मोक्याच्या जागा बळकावल्या. भीमेचं पाणी तोडलं. रात्रभर चाललेल्या, उपाशी माणसांनी दिवसभर घरांघरांतून, भिंतीआडून लढत राहायचं होतं. या लढाईचं सर्वांत तपशीलवार वर्णन ग्रँट डफनं आपल्या मराठ्यांच्या इतिहासात केलंय. १८२६ साली छापलेलं ते पुस्तक आपल्याकडे शंभर कारणांनी शिव्या खात आलंय, पण या दिवसाचे बारकावे त्याच्याइतके कुणी दिले नाहीत.

तोफखान्याचा लेफ्टनंट चिझम मारला गेला आणि एक तोफ अरबांच्या हातात गेली. पॅटिन्सन नावाचा उंचनिंच लेफ्टनंट गोळी लागून आडवा पडला होता. तो उठला, बंदूक नळीकडून धरून दस्त्यानं वार करत धावला, त्याच्यामागे शिपाई धावले आणि तोफ परत आली. तिथे चिझमचं मुंडकं नसलेलं धड सापडलं. शरण जाऊ या अशी कुजबुज गोलंदाजांत सुरू झाली होती. स्टाँटननं ते धड दाखवून सांगितलं की हाती लागलेल्या प्रत्येकाचं हेच होईल. कुजबुज थांबली. हा कॅप्टन किती शूर होता हे मी सांगू शकत नाही, पण माणसांना कशानं धरून ठेवायचं ते त्याला कळत होतं. त्याच्या आठ गोऱ्या अधिकाऱ्यांत दोन साहाय्यक डॉक्टर होते आणि तेही हातघाईत उतरले. त्यांतला विंगेट मारला गेला, वायली वाचला. पॅटिन्सनही त्याच जखमांनी पुढे गेला.

आणि नदीपलीकडे? बाजीराव थोड्या अंतरावरून सगळं पाहत होता. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह त्याच्याजवळ होते; तेही मोहिमेत त्याच्याबरोबरच, पाहुणे म्हणा किंवा कैदी म्हणा. ग्रँट डफ सांगतो की छत्रपतींनी उन्हासाठी अब्दागीर धरली होती. पेशव्यानं ती खाली करायला विनवलं, कारण इंग्रज ती नेम धरून तोफ डागतील. छत्रपतीचं राजचिन्ह पेशव्याच्या भीतीनं खाली उतरतं, त्याच दिवशी, त्याच नदीकाठी. पेशवाई कशी संपली याबद्दल शेकडो पानं लिहिली गेली आहेत. मला हा एक प्रसंग त्या सगळ्यांपेक्षा जास्त सांगतो.

रात्री नऊच्या सुमारास गोळीबार थांबला. जनरल स्मिथची फौज जवळ येत असल्यामुळे पेशव्यांची फौज निघून गेली. ८३४ पैकी २७५ मेलेले, जखमी किंवा बेपत्ता. पुढच्या रात्री स्टाँटननं जखमी उचलले आणि तो पुण्याला न जाता शिरूरला परतला. म्हणजे काटेकोर बोलायचं तर पुण्याला पोहोचायला निघालेले दोघेही पुण्याला पोहोचले नाहीत. हा विजय होता की बचाव, यावर आजही भांडणं होतात. माझ्या मते तो बचाव होता, आणि असा बचाव सोपा नसतो.

कंपनीनं स्टाँटनला विसरलं असं नाही. गव्हर्नर जनरलचा मानद एडीसी नेमलं, १८२० साली संचालकांनी तलवार आणि ५०० गिनी दिल्या, सी.बी. हा किताब दिला. त्याच्या बटालियनला ग्रेनेडियर हा मान मिळाला. २६ मार्च १८२१ ला कोरेगावात जयस्तंभाचा पाया घातला गेला आणि त्याच्या लेखात या कॅप्टनचं नाव आहे. १८२५ साली तो वारला. 'कोरीगॉम' लिहिलेली पट्टी त्यानंतर २६ वर्षांनी तयार झाली. जिच्यासाठी त्यानं माणसं सकाळपासून रात्रीपर्यंत उभी ठेवली, ती पट्टी त्याच्या फितीवर कधी चढलीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, तलवार मिळाली, गिनी मिळाल्या, किताब मिळाला, एका पट्टीचं काय दुःख? बरोबर आहे. स्टाँटनसाठी हे दुःख नाहीच. पण जे त्याला लागू आहे तेच त्याच्या शिपायांनाही लागू आहे, आणि त्यांना तलवार मिळाली नव्हती.

स्तंभावर मेलेल्यांची नावं आहेत. कंपनीच्या ४९ मृतांची. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे आणि हा प्रत्यय महार समाजातल्या पुरुषांच्या नावांना लागत असे. बाकीच्या नावांत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत. मुंबईच्या पायदळात कोकणातून भरती होई. बेने इस्राएलही याच पलटणींत नोकरी करत, हे इस्राएलमधल्या वाचकांना सांगायला नकोच. पलीकडच्या फौजेतही अरब होते, गोसावी होते. 'मराठी विरुद्ध इंग्रज' ही विभागणी कोरेगावच्या गल्लीत कुठेच बसत नाही आणि 'एक जात विरुद्ध दुसरी जात' ही विभागणीही नीट बसत नाही. पण यातला एक भाग टाळून पुढे जाता येत नाही. पुण्यातल्या पेशव्यांच्या राज्यात ज्या माणसाची सावलीही नको होती, त्याचं नाव इथे संगमरवरावर, वडिलांच्या नाहीतर गावाच्या ओळखीशिवाय, निव्वळ त्याचं म्हणून कोरलं गेलं. ही गोष्ट कंपनीनं उदारपणे केली असं मानायचं कारण नाही. तिला शिपाई हवे होते आणि शिपायांना आपल्या मेलेल्यांची नावं दिसायला हवी होती. पण नाव कोरलं गेलं, हे खरंच आहे.

पदकानं मात्र ते करायचं नव्हतं. पदक मेलेल्यांसाठी नव्हतंच. म्हणजे कोरेगावची खरी किंमत ज्यांनी मोजली, ते ४९ जण नियमानंच बाहेर. उरलेल्यांपैकी रत्नागिरीकडच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या खेड्यात परतलेला म्हातारा शिपाई १८५१ साली जिवंत असायला हवा, पदक निघालंय हे त्याच्यापर्यंत पोहोचायला हवं, त्याचं नाव कंपनीच्या कागदांत सापडायला हवं. इंग्रजी गोल टोपीतल्या अधिकाऱ्याला यातलं काहीच अवघड नव्हतं. म्हणून जी साडेचार हजार पदकं निघाली, ती शौर्याची मोजणी म्हणून वाचू नका. ती त्या पिढीतल्या चिवट, सुदैवी आणि कागदांत नाव टिकलेल्या माणसांची यादी आहे.

पट्ट्यांची निवडही अशीच चकवते. कोरेगावला पट्टी आहे, पण आष्टीला नाही. २० फेब्रुवारी १८१८ ला सोलापूरकडच्या आष्टीला बापू गोखले मारला गेला आणि छत्रपती इंग्रजांच्या हाती लागले. पेशव्यांचं युद्ध खऱ्या अर्थानं तिथे संपलं. त्या लढाईची पट्टी नाही. रायगड १८१८ च्या मे महिन्यात तोफांच्या माऱ्यानं पडला; त्याची नाही. 'असीरघर' आहे, पण ती १८०३ ची. १८१९ चा वेढा कितीतरी जास्त चिवट होता, त्याला काही नाही. कुणीतरी लंडनच्या कचेरीत बसून ठरवलं की ही लढाई पट्टीची आणि ही नाही, आणि आज त्याच निवडीवर संग्राहक इतिहास शिकतात.

बापू गोखल्याचं नाव निघालंच आहे तर सांगतो. हरलेल्या बाजूकडे अशी वस्तूच नाही. मराठी राज्यात शौर्याची दखल घेतली जाई ती इनामानं, वतनानं, सोन्याच्या कड्यानं, मानाच्या पोशाखानं. त्यातलं बरंचसं पुढच्या पन्नास वर्षांत इनाम कमिशननं तपासून काढलं, कडी वितळली, पोशाख झिजले. असईत तोफेजवळ पडून राहून पुन्हा उठलेल्या गोलंदाजाचं नाव तुम्हाला कुठल्याही धातूवर सापडणार नाही. त्याच्या शौर्याचा पुरावा इंग्रजांच्याच पत्रांतून काढावा लागतो.

स्तंभाचं पुढे काय झालं ते बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १८९० नंतरच्या काळात मुंबईच्या फौजेनं महारांची भरती बंद केली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज केला. आमच्या आज्यापणज्यांनी तुमच्यासाठी लढाया केल्या, हा त्यातला दावा होता आणि त्या दाव्याला पुरावा लागतो. कोरेगावचा दगड तो पुरावा होता. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. त्यांच्या वडिलांची, सुभेदार रामजींची सगळी नोकरी याच मुंबईच्या फौजेतली होती.

ज्यांच्या घरात अशी एखादी नोकरी होऊन गेली आहे, त्यांच्यासाठी शेवटी एक उपयोगाची गोष्ट. कंपनीच्या फौजांच्या पदकांच्या याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या कागदपत्रांत आहेत. वाचकपत्र कुणालाही काढता येतं. जाल तेव्हा नाव आजच्या स्पेलिंगनं शोधू नका. ज्या कारकुनानं कोरेगावचं 'कोरीगॉम' केलं, त्यानंच तुमच्या पणजोबांच्या पणजोबांचंही नाव लिहिलेलं असणार. 'नाक'चं 'नॅक' झालेलं असेल, 'राव'चं 'रो', 'जी'चं 'जे'. आडनाव बहुधा नसेलच. मोठ्यानं वाचा, गावाकडच्या उच्चारात. आणि पदक हातात आलंच, तर राणीचा मुखवटा नंतर पाहा; आधी ते आडवं धरून कड वाचा.